हरिकेननंतर गाड्यांचा ताफा घेऊन मदतीला जायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: अटलांटातल्या एका मराठी ग्रुपमधले पंधराएक जण, दोन पिकअप, तीन मिनीव्हॅन आणि भाड्याचा एक ट्रक. पुढचं हरिकेन कॅरोलायनात किंवा फ्लोरिडात आलं की दुसऱ्याच दिवशी सामान भरून निघायचं म्हणतायत, तर सोबत काय न्यावं आणि रस्त्यात काय काळजी घ्यावी. खाली एकाने जोडलंय की २०१९ ला सांगलीच्या पुरात आम्ही टेम्पो भरून नेला होता, इथेही तसंच करू, फक्त अंतर जास्त.

मी इथल्या एका स्वयंसेवी संस्थेच्या टीमबरोबर बरीच वर्षं या कामाला जातो, आणि जास्त करून गाड्या, लोडिंग आणि रस्ता हेच माझ्या गळ्यात असतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी सांगलीचं बोलू. तिथे टेम्पो निघायच्या आधी तुमच्यातल्या कुणाचा तरी मामा नाहीतर मेव्हणा गावात होता ना? त्याला फोन लागत होता, तो सांगत होता की अमुक रस्ता पाण्यात आहे तमुक बाजूने या, कपडे नकोत, चटया आणि फिनेल आणा, आणि टेम्पो शाळेपाशी लावा, पोरं उतरवून घेतील. तुमचा टेम्पो कामी आला तो त्या मामामुळे. इथे तुमच्याकडे सहा गाड्या आहेत, क्रेडिट कार्ड आहे, उत्साह आहे, फक्त मामा नाही. तेव्हा पहिलं काम मामा शोधायचं. म्हणजे पोचल्यावर सामान कोण उतरवून घेणार, कुठल्या दारात, किती वाजता, आणि त्या माणसाचं नाव आणि नंबर काय, हे कागदावर आल्याशिवाय गाडीची किल्ली फिरवायची नाही. हा माणूस कुणीही असू शकतो, गावातलं चर्च, व्हॉलंटियर फायर डिपार्टमेंट, फूड बँक, काउंटीचं (म्हणजे इथल्या जिल्ह्याचं) इमर्जन्सी मॅनेजमेंट ऑफिस. राज्याराज्यात अशा संस्थांचं एक जाळं आहे, त्याला सगळे 'व्होॲड' म्हणतात, १९६९ च्या कमील हरिकेननंतर जो गोंधळ झाला त्यातून १९७० मध्ये ते राष्ट्रीय पातळीवर सुरू झालं, म्हणजे हा प्रॉब्लेम काही नवा नाही. ज्याच्या त्याच्या मनात आलं ते भरून लोक येत होते, एका गावात तीन स्वयंपाकघरं आणि शेजारच्या गावात एकही नाही, तेव्हाही हेच चालायचं.

तुमच्यासारख्या ग्रुपसाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आधीच चालू असलेल्या संस्थेत घुसायचं. टीम रुबिकॉन आहे, सदर्न बाप्टिस्ट लोकांचे पिवळे टीशर्टवाले आहेत (त्यांची फिरती स्वयंपाकघरं दिवसाला हजारो जेवणं काढतात, त्यामुळे आपण मोठं पातेलं घेऊन जायची गरज नसते, हे मंडळातल्या काकूंना नीट समजावून सांगा), सॅमॅरिटन्स पर्स आहे, आपल्या लोकांमध्ये सेवा इंटरनॅशनल आहे, हार्वी हरिकेनच्या वेळी २०१७ ला ह्यूस्टनमध्ये त्यांनी भरपूर काम केलं. धर्माचा प्रश्न मनात येतो काहींच्या, मी सांगतो, मी चर्चच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपलोय, सकाळच्या प्रार्थनेला हात जोडून उभा राहिलोय, कुणीही काहीही विचारलं नाही. क्रायसिस क्लीनअप नावाची एक सिस्टिम आहे, घरमालक हॉटलाईनवर फोन करून काम नोंदवतात आणि नोंदणी झालेल्या संस्था ती कामं उचलतात, एक घर दोन टीम करत बसत नाहीत. ग्रुपमध्ये एखादा टेक्निकल माणूस असेल तर त्याला हे शिकायला लावा, वादळ यायच्या आधी, मे महिन्यात. सीझन १ जूनला सुरू होतो.

आता 'दुसऱ्याच दिवशी'. हे काढून टाका प्लॅनमधून.

हेलीन हरिकेनचं बघा. २६ सप्टेंबर २०२४ ला रात्री अकराच्या सुमारास फ्लोरिडात पेरीजवळ किनाऱ्याला लागलं, कॅटेगरी चार, ताशी १४० मैल वारा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर कुठे, तर समुद्रापासून शेकडो मैल आत, वेस्टर्न नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात. बुसिक नावाच्या ठिकाणी त्या तीन दिवसांत ३० इंचांहून जास्त पाऊस पडला. टेनेसीच्या बाजूला पिजन रिव्हरने आय-४० हायवे खाल्ला, एका दिशेच्या लेनच नदीत गेल्या, आय-२६ चे अर्विनजवळचे पूल वाहून गेले, आणि राज्याच्या ट्रान्सपोर्टेशन खात्याने सरळ सांगून टाकलं की पश्चिमेकडचे सगळे रस्ते बंद आहेत असंच समजा. मोबाईल नाही, लाईट नाही, कार्ड मशीन नाही. माउंट मिचेलवरच्या रिपीटरवरून (रेडिओचा सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र) हौशी हॅम रेडिओवाले निरोप पोचवत होते, काही वाड्यांवर खेचरांच्या पाठीवरून सामान चढवलं. अशा जागी अटलांटाहून सहा गाड्या दुसऱ्या दिवशी जाऊन काय करणार? घाटातली जी एक लेन उघडी आहे तिथे वीज जोडणाऱ्या लाईनमनच्या ट्रकच्या पुढे उभ्या राहणार, जिथे गॅस (म्हणजे पेट्रोल) मिळतोय तिथे रांगेत लागणार, आणि संध्याकाळी कर्फ्यू लागला की शेरीफच्या माणसाला विचारणार की झोपायचं कुठे. फ्लोरेन्सच्या वेळी २०१८ ला विल्मिंग्टन शहराचं अक्षरशः बेट झालं होतं, रस्त्याने आत जायला वाटच नव्हती, मॅप मात्र कुठूनतरी वाट दाखवत राहायचा. राज्याची जी रस्त्यांची अधिकृत वेबसाईट असते तीच बघायची, गूगल मॅपवर भरवसा ठेवून घाटात शिरायचं नाही.

पहिले काही दिवस शोध आणि सुटकेचे असतात, ते ट्रेनिंगवाल्यांचं काम. तुमचं काम दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं आणि खरं सांगू का, ते कित्येक महिने संपत नाही. त्याच डोंगरातल्या ॲशव्हिल शहरात नळाचं पाणी पिण्यालायक आहे असं जाहीर व्हायला १८ नोव्हेंबर उजाडला, ५३ दिवस. त्या तुटलेल्या आय-४० वरून एकेक लेन सुरू झाली ती १ मार्च २०२५ ला. आणि लोकांचं लक्ष किती टिकलं? ९ ऑक्टोबरला मिल्टन हरिकेन फ्लोरिडात सिएस्टा कीला लागलं, दोन आठवडे पण झाले नव्हते, तोवर टीव्ही फ्लोरिडाला पोचला, बऱ्याच टीमही तिकडे. थँक्सगिव्हिंगनंतर (नोव्हेंबरअखेर) फोन केला तर संस्थांकडे सामान असतं, माणसं नसतात. म्हणून पंधरा जणांनी एकदाच जाऊन फोटो काढून येण्यापेक्षा सहा-सहा जण, दोन गाड्या, महिन्यातून एक वीकेंड, असं मार्चपर्यंत चालवा, माझं ऐकाल तर.

आणि कुठे जायचं याचाही विचार करा. सगळे ॲशव्हिलला चालले होते तेव्हा जॉर्जियातच ऑगस्टा आणि वाल्डोस्टाकडे झाडं घरांवर पडलेली होती, अटलांटाहून ऑगस्टा दोन-सव्वादोन तासांवर, सपाट रस्ता. फ्लोरिडात तो पेरीचा टेलर काउंटी परिसर तर बिचारा, ऑगस्ट २०२३ ला इडालिया, ऑगस्ट २०२४ ला डेबी आणि लगेच सप्टेंबरात हेलीन, तेरा महिन्यांत तीन, किती जणांनी नाव ऐकलंय? कॅमेरा नसलेल्या काउंटीत फोन केलात तर पलीकडचा माणूस शांतपणे बोलतो, त्याला काय हवं ते नीट सांगतो.

सामानाबद्दल. जुने कपडे न्यायचे नाहीत, एकही पिशवी नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. ओल्या चर्च हॉलमध्ये कपड्यांचे डोंगर लागतात, ते निवडायला माणसं लागतात, ती माणसं चिखल काढायच्या कामातून जातात आणि शेवटी बरेचसे कपडे लँडफिलमध्ये. बाटलीबंद पाणी पहिल्या आठवड्यात सगळे आणतात, आणि त्याच्या वजनाचा हिशेब कुणी करत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. मिनीव्हॅनला साधारण बाराशे पाउंड धरा. त्यात पाच मोठी माणसं बसली की आठशे गेले, उरले चारशे. अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्यांची केस २७ पाउंडाच्या आसपास भरते, म्हणजे चौदा केस, बास, त्यातच बॅगा आणि टूल्स धरा. पण लोक सीट खाली पाडून छतापर्यंत भरतात, मागचं बूड रस्त्याला लागतं, हेडलाईट आकाशाकडे, आणि ब्रेक लागायला जास्त अंतर. आणि घाटात उतारावर तर...

ट्रेलर असेल तर वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकवर यायला हवा, जड सामान ॲक्सलच्या जरा पुढे. सगळं मागे भरलं तर ताशी साठ मैलांच्या स्पीडला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग तो ड्रायव्हरचं ऐकत नाही. हुकचा बॉल दोन इंची आहे की दोन पाच-सोळांश इंची हे घरी बघा, बसतोय तर बसतोय असं नको. साखळ्या खालून क्रॉस. ट्रेलरचं स्पेअर टायर वेगळं असतं, ते बहुतेकांकडे नसतंच. वादळानंतरच्या रस्त्यावर छपरांचे खिळे इतके असतात की पंक्चर होणार की नाही हा प्रश्नच नाही, प्लग किट आणि बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर प्रत्येक गाडीत हवा. भाड्याच्या ट्रकचा इन्शुरन्स वेगळा घ्या, तुमची नेहमीची पॉलिसी किंवा क्रेडिट कार्डचं कव्हर ट्रकला लागू होईल असं धरून चालू नका, बऱ्याचदा होत नाही.

मग काय भरायचं? मामा सांगेल ते. पण अंदाज हवा तर जाड ताडपत्र्या आणि त्या ठोकायला लाकडी पट्ट्या, बांधकामाच्या जाड कचऱ्याच्या पिशव्या, एन-९५ मास्क, चामडी आणि रबरी हातमोजे, सपाट फावडी, पहारी, घमेलं चालत नाही इथे कुणाला म्हणून व्हीलबॅरो, मोठ्यांचे आणि लहानांचे डायपर, आणि डोंगरात ऑक्टोबर संपता संपता थंडी पडते तेव्हा हीटर आणि ब्लँकेट, नवी. दुकानं परत उघडली की सामान नेणं बंद करा, तिथल्याच दुकानांची गिफ्ट कार्ड द्या, गावातला पैसा गावात राहतो. स्वतःसाठी मात्र सगळं घेऊन जायचं. पाणी, तीन दिवसांचं खाणं (धपाटे, चिवडा, गूळपोळ्या, हे गाडीत टिकतं आणि सकाळी उठल्यावर चूल लागत नाही), झोपायची सोय, औषधं, चष्म्याची जास्तीची जोडी, टॉयलेट पेपर, सुट्या नोटा. तिथल्या एकाही माणसाचं पाणी किंवा जेवण आपण संपवायचं नाही हा नियम.

आता रस्ता, जो माझा आवडता विषय आहे.

सहाच्या वर गाड्या असतील तर दोन ताफे करा, वीस मिनिटांच्या अंतराने. पुढची गाडी रस्ता माहीत असलेल्याची, सगळ्यात हळू गाडी, म्हणजे ट्रक किंवा ट्रेलर, दुसऱ्या नंबरला, म्हणजे आपोआप स्पीड तिचाच राहतो. शेवटच्या गाडीत सगळ्यात अनुभवी ड्रायव्हर आणि टूल्स, कारण जो थांबेल त्याच्यापाशी ती पोचते. लोकांना वाटतं की पुढच्या गाडीला चिकटून राहायचं. उलट, प्रत्येकाने आरशात मागची गाडी बघायची, ती दिसेनाशी झाली की आपण हळू व्हायचं, मग पुढचा आपोआप हळू होतो. पण त्यासाठी हायवेवर एकमेकांच्या बुडाला चिकटायचं नाही, मधे दुसऱ्या गाड्या घुसल्या तर घुसू द्या, पुढचा थांबा सगळ्यांना पाठ असतो. थांबे कागदावर छापून प्रत्येक गाडीत. साधारण दर दोन तासांनी एक, मोठ्या पार्किंगचा ट्रक स्टॉप बघून, कारण एक्झिटवर छोट्या गॅस स्टेशनात ट्रेलरसकट सहा गाड्या शिरल्या की त्या बिचाऱ्या मालकाचा धंदा अर्धा तास बंद.

सिग्नल तोडून ताफा एकत्र ठेवायचा अधिकार तुम्हाला नाही, हॅझर्ड लाईट लावून जायचाही काही मान नाही. लाईट गेलेला सिग्नल म्हणजे चारी बाजूंना स्टॉप साईन असल्यासारखं थांबायचं. युटिलिटी ट्रकचा (वीज-पाणी दुरुस्तीवाल्यांचा) ताफा दिसला तर बाजूला व्हा आणि जाऊ द्या.

गॅसचा नियम सोपा, अर्धी टाकी झाली की भरायची, आणि वादळाच्या पट्ट्याच्या साठ-सत्तर मैल आधी शेवटची फुल्ल करायची, म्हणजे आत जाऊन यायला पुरेल. तिथल्या लोकांच्या जनरेटरचा गॅस आपण पिऊ नये. कॅन नेणार असाल तर ते प्रवाशांच्या केबिनमध्ये नाही, आणि भरताना पिकअपच्या मागे ठेवून भरायचे नाहीत, खाली जमिनीवर ठेवूनच, स्टॅटिकची ठिणगी पडते.

बोलायला फोन धरू नका. साधे एफआरएस वॉकीटॉकी चालतात, पण डोंगरात त्याहून ताकदीचे जीएमआरएस चांगले, त्याचं लायसन्स ३५ डॉलरला मिळतं, दहा वर्षं चालतं, परीक्षा नाही आणि घरच्यांनाही तेच लागू. व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशन शेअर करू म्हणणाऱ्यांना सांगा की जिथे त्याची खरी गरज पडते तिथेच तो बंद असतो. मॅप ऑफलाईन उतरवून घ्या.

पाण्याबद्दल एकच. वाहतं पाणी बारा इंच असलं तरी बहुतेक कार वाहून जातात, दोन फुटांना एसयूव्ही आणि ट्रक जातात. खालचा रस्ता शाबूत आहे का हे वरून दिसत नाही. पुढच्या ड्रायव्हरने 'होऊन जाईल' म्हटलं तरी शेवटच्या गाडीतल्या माणसाला नाही म्हणायचा अधिकार असला पाहिजे आणि तो निघायच्या आधीच सगळ्यांसमोर दिलेला असला पाहिजे. रात्रीचं ड्रायव्हिंग नको, पडलेल्या तारा अंधारात दिसत नाहीत. प्रत्येक गाडीत दोन ड्रायव्हर, कारण परतीचा प्रवास खरा धोक्याचा, दोन दिवस चिखल उपसून रविवारी संध्याकाळी चार तास गाडी चालवायची असते आणि सोमवारी सगळ्यांना ऑफिस.

पोचल्यावर आधी मामाकडे रिपोर्ट, मग काम. डोंगरातल्या वरच्या घरांकडे जाणारे रस्ते बरेच वेळा खासगी, कच्चे, आणि 'आत येऊ नका' पाटी लावलेले असतात. वादळानंतर चोऱ्यांच्या अफवा उडतात, हेलीनच्या वेळी तर फेमाबद्दल (केंद्र सरकारचं आपत्ती-मदत खातं) सुद्धा नको नको त्या अफवा होत्या आणि धमक्यांच्या बातमीमुळे फेमाच्या लोकांना काही ठिकाणी काम थोपवावं लागलं. आपले चार अनोळखी चेहरे गाडीतून उतरून दार वाजवणार, हे लक्षात ठेवा. गावातला माणूस बरोबर असल्याशिवाय वर जायचं नाही, सगळ्यांचे एकाच रंगाचे टीशर्ट आणि गळ्यात ओळखपत्र. भीती घालायला सांगत नाही, मला तरी लोक चांगलेच भेटले, पण पद्धत म्हणून. ट्रेलर खालीच ठेवा, वर वळवायला जागा नसते.

घरात हात लावायच्या आधी मालकाची सही आणि मालकाने काढलेले फोटो, इन्शुरन्स आणि फेमासाठी. पाणी जिथवर चढलं त्याच्या वरपर्यंत ड्रायवॉल (भिंतीचं जिप्समचं शीट) कापायची, बहुतेक वेळा चार फुटांवर, कारण शीट चार फुटी असते आणि नंतर नवी बसवायला सोपं जातं. घर १९८० च्या आधीचं असेल तर ॲस्बेस्टॉस आहे का ते विचारल्याशिवाय काहीही फोडायचं नाही. कचरा रस्त्याकडेला टाकताना झाडं वेगळी, बांधकामाचं वेगळं, फ्रिज-वॉशर वेगळे, रंग आणि केमिकल वेगळे, मिसळलं तर उचलणारा ट्रक तसाच पुढे जातो. चेनसॉ फक्त ट्रेनिंग झालेल्याने, वाकून दाबली गेलेली फांदी कापली की ती ज्या जोराने उसळते त्याने माणसं मेलीयत. जनरेटर घरापासून वीस फूट लांब, धूर खिडकीकडे नाही, पोर्चवर पण नाही. टिटॅनसचं इंजेक्शन आधी घ्या.

आणि एक गोष्ट जी मालक किंवा मंडळ कुणालाच माहीत नसते: हजेरीच्या कागदावर आत-बाहेरच्या वेळा नीट लिहा. फेमा राज्य-काउंटीच्या मदतकामाच्या मान्य खर्चाचा साधारण ७५ टक्के वाटा देते, उरलेला राज्याने आणि काउंटीने घालायचा असतो, आणि स्वयंसेवकांचे नोंदलेले तास त्या वाट्यात धरता येतात. गरीब काउंटीला याचा खरोखर फायदा होतो, त्यासाठी नाव, तारीख, तास, काम, एवढं लिहिलेलं लागतं. तुमच्या स्वतःच्या गाडीचे मैलही लिहून ठेवा, नोंदणीकृत संस्थेसाठी गेलात तर टॅक्समध्ये मैलाला १४ सेंट दाखवता येतात, फार नाहीत, पण आहेत. घरमालकाचे फोटो मात्र विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका, त्याचं गादीपासून अल्बमपर्यंत सगळं अंगणात पडलेलं असतं.

तेव्हा आता मला एवढं कळवा: कुठल्या काउंटीशी बोलणं झालंय, अठरा वर्षांवरचे नक्की येणारे किती, आणि त्यातल्या किती जणांना ट्रेलर रिव्हर्स घेता येतो. शेवटच्याचं उत्तर शून्य असेल तरी हरकत नाही, एखाद्या रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत कुठल्यातरी मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रेलर घेऊन या, मी शिकवतो, तासाभरात जमतं, कोन मात्र जास्तीचे आणा, आडवे होतात.